आघात आणि टायटॅनियम

भानपुरा हे माळव्याच्या उत्तर सीमेकडचे एक लहानसे गाव. २४ डिसेंबर १८०५ रोजी इंग्रजांशी राजघाटचा तह झाल्यानंतर यशवंतराव होळकरांनी पुढे आपला मुक्काम याच गावी ठेवला आणि तेथे तोफा ओतण्याचा कारखाना उभारला. भट्ट्यांच्या धगीत स्वतः उभे राहून ते तोफा ओतवून घेत असत, अशी नोंद सर जॉन माल्कम यांनी मध्य हिंदुस्थानावरील आपल्या ग्रंथात करून ठेविली आहे. याच उद्योगाच्या काळात त्यांचे मन ढळले आणि २८ ऑक्टोबर १८११ रोजी भानपुऱ्यासच त्यांचा अंत झाला. त्यानंतर सहा वर्षांनी, २१ डिसेंबर १८१७ रोजी, महिदपूरच्या रणांगणावर होळकरांच्या तोफखान्याने आपला पराक्रम दाखविला. इंग्रज फौजेचे सातशेहून अधिक लोक त्या दिवशी ठार वा जखमी झाले. तथापि लढाई हातची गेली आणि तोफा शत्रूच्या ताब्यात पडल्या. ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला, आणि त्याच वर्षी इंदूर शहरास होळकरांच्या राजधानीचे स्थान प्राप्त झाले.

तोफ ओतणाऱ्या कारागिरापुढे जो प्रश्न त्या काळी उभा असे, तो वरवर साधा दिसला तरी फार खोल होता. धातूची कांब टांगून तिला हळूहळू वजन लावीत गेले, तर ती किती भार सोसते हे कोणालाही पाहता येते. पण तोफेच्या नळीवर भार हळूहळू येत नाही. बत्ती लागताच दारूचा वायू क्षणार्धात फुगतो आणि नळीच्या भिंतींवर चहूकडून आदळतो. त्या क्षणी ओतीव लोखंडाची तोफ फुटली, तर तिच्या ठिकऱ्या उडून गोलंदाजच प्राणास मुकत. तांबे व कथील यांच्या मिश्रणाची तोफ बहुधा आधी फुगे वा चिरफळे. म्हणून ती महाग असूनही तिच्यावर अधिक विश्वास असे. नवी तोफ सैन्यात दाखल करण्यापूर्वी नेहमीपेक्षा जास्त दारू भरून ती उडवून पाहण्याची चाल अनेक देशांच्या तोफखान्यांत होती. या परीक्षेत तोफ टिकली तर ती चांगली ठरे. ती का टिकली, अथवा का फुटली, हे मात्र परीक्षा घेणारासही सांगता येत नसे.

ते कारण सापडण्यास पुढे शंभराहून अधिक वर्षे लागली. या शोधाची कथा मँचेस्टर, केंब्रिज व अमेरिका येथून फिरत फिरत ट्रॉम्बेला आणि अखेर पुन्हा इंदूरला येऊन पोचते. तिच्या अखेरच्या भागात मुख्य पात्र तांबे नाही आणि लोखंडही नाही. ते आहे टायटॅनियम.

टायटॅनियमचा शोध जुना आहे. इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातील विल्यम ग्रेगर या धर्मोपदेशकास १७९१ साली तेथील काळ्या वाळूत एक अपरिचित द्रव्य आढळले. १७९५ मध्ये जर्मन रसायनज्ञ क्लाप्रोट याने ग्रीक पुराणांतील टायटन नामक महाकाय पुत्रांवरून त्याचे नामकरण केले. अशी काळी वाळू भारतासही अपरिचित नाही. केरळच्या किनाऱ्यावर ती विपुल आहे आणि महाराष्ट्रात रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही तिचे थर आहेत. पण वाळूतून धातू वेगळा काढणे हे अतिशय बिकट काम ठरले, कारण तापलेले टायटॅनियम प्राणवायू व नत्रवायू यांना अधाशासारखे शोषून घेते आणि ठिसूळ होऊन बसते. १९१० साली अमेरिकेत मॅथ्यू हंटर यांनी शुद्ध धातू मिळविला. लक्झेंबर्गच्या विल्हेल्म क्रोल यांनी मॅग्नेशियमच्या साहाय्याने तो काढण्याची पद्धती सिद्ध केली आणि १९४८ पासून अमेरिकेत त्याचे व्यापारी उत्पादन होऊ लागले. भारतात चवरा येथे २०११ साली, वर्षाला ५०० टन क्षमतेचा, टायटॅनियम स्पंजचा कारखाना चालू झाला.

शुद्ध टायटॅनियमपेक्षा त्याचे मिश्रधातू अधिक कामाचे. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध मिश्रधातू अमेरिकेत १९५० नंतरच्या काही वर्षांत तयार झाला. त्यात शंभर भागांपैकी सहा भाग ॲल्युमिनियम, चार भाग व्हॅनेडियम आणि उरलेले टायटॅनियम असते. पोलादाच्या मानाने त्याचे वजन निम्म्याहून थोडेच अधिक भरते, आणि तरीही दर चौरस सेंटिमीटरला सुमारे नऊ टनांची ओढ तो सहन करतो. समुद्राच्या पाण्याने तो गंजत नाही. जेट एंजिनाच्या पुढील पंख्याची पाती, विमानांचे सांधे, उपग्रहांतील इंधनाच्या टाक्या या सर्वांत तो वापरला जातो. भारतीय उपग्रहांच्या टाक्याही टायटॅनियमच्या मिश्रधातूच्याच असतात.

जेथे जेथे हा धातू वापरला जातो, तेथे तेथे अकस्मात आघाताचे भय मात्र हटकून असते. धावपट्टीवरचा खडा वा आकाशातील पक्षी एंजिनात ओढला जातो आणि प्रचंड वेगाने फिरणाऱ्या पात्यावर आदळतो. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या निकामी यंत्रांचे तुकडे दर सेकंदास सात-आठ किलोमीटर वेगाने धावत असतात. समोरासमोर गाठ पडल्यास आघाताचा वेग याहूनही वाढतो. नऊ टनांची ओढ सोसणारा धातू अशा प्रसंगी कसा वागेल, हे टांगलेल्या वजनांच्या प्रयोगावरून कळत नाही.

हे कळत नाही याची पहिली स्पष्ट जाणीव १८७२ साली मँचेस्टर येथे झाली. जॉन हॉपकिन्सन या इंग्रज अभियंत्याने लोखंडाची तार वरच्या टोकास पक्की बांधून उभी टांगली आणि तिच्या खालच्या टोकावर वजन आदळविले. तार तोडण्यास वजन किती लागते, हे त्याला पाहावयाचे होते. उत्तर अनपेक्षित आले. तार तुटणे हे वजनावर फारसे अवलंबून नव्हते. ते वजन किती उंचीवरून पडते, म्हणजे किती वेगाने आदळते, यावर अवलंबून होते. आणखी आश्चर्य असे, की घाव खालच्या टोकावर पडूनही कित्येकदा तार तुटे ती वरच्या, बांधलेल्या टोकापाशी. हॉपकिन्सनने याचा उलगडा केला. घाव पडताच धातूतून एक तरंग धावत सुटतो. दूरच्या टोकाशी तो आपटतो व माघारी वळतो. तेथे जाणारा व परतणारा तरंग एकमेकांवर चढतात आणि ताण दुणावतो.

हॉपकिन्सन १८९८ साली आल्प्स पर्वतात आपल्या तीन अपत्यांसह अपघाती मरण पावला. त्याचा पुत्र बर्ट्रम पुढे केंब्रिज येथे यंत्रशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि पित्याचे कार्य त्याने पुढे नेले. स्फोटाचा वा बंदुकीच्या गोळीचा दाब क्षणभरच टिकतो. तो मोजावयाचा कसा? १९१४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात बर्ट्रमने एक साधी युक्ती सांगितली. लांब पोलादी कांबेच्या एका टोकावर आघात करावयाचा आणि दुसऱ्या टोकास कांबेचाच एक आखूड तुकडा चुंबकाने नुसता चिकटवून ठेवावयाचा. तरंग दूरच्या टोकास पोचला, की तो तुकडा सुटून उडतो. त्याच्या वेगावरून आघाताचे माप काढता येते. पोलादी पत्र्यास स्फोटक लावून तो उडविल्यास पत्र्याच्या पाठीमागील बाजूचा पापुद्रा सुटून पडतो, हेही त्याने अभ्यासिले. १९१८ च्या ऑगस्टात विमान चालवीत असता अपघातात त्याचाही अंत झाला. पिता-पुत्रांनी घालून दिलेली ही कांब सुधारलेल्या स्वरूपात जगभरच्या प्रयोगशाळांत अद्याप वापरली जाते.

पाठीमागील पापुद्रा सुटण्याचे कारण समजण्यास कॅरमचा पट पुरेसा आहे. पाच-सहा सोंगट्या एकमेकींस चिकटवून एका ओळीत ठेवाव्यात आणि पहिल्या सोंगटीवर स्ट्रायकर मारावा. मधल्या सोंगट्या जवळजवळ जागच्या जागी राहतात आणि शेवटची उडून जाते. घाव पहिलीवर पडतो, फळ शेवटचीस भोगावे लागते. धातूच्या पत्र्यातही असेच घडते. आघाताने निर्माण झालेला दाबाचा तरंग टायटॅनियममधून सेकंदास सुमारे सहा किलोमीटर वेगाने धावतो. एक सेंटिमीटर जाडीचा पत्रा ओलांडण्यास त्याला सेकंदाच्या दशलक्षांश भागाच्या दुपटीइतकाही अवधी लागत नाही. पाठीमागील पृष्ठभागापाशी त्याला अडविणारे पुढे काही नसते, म्हणून शेवटचा थर पुढे उडू पाहतो. मात्र सोंगटी मोकळी असते, तर हा थर मागच्या धातूशी जोडलेला असतो. परिणामी दाबाचा तरंग ओढीचा तरंग होऊन माघारी फिरतो. तिकडे समोरच्या बाजूनेही दाब ओसरल्याची लाट आत येत असते. या दोघींची गाठ पत्र्याच्या पोटात जेथे पडते, तेथे धातू दोन्हीकडून ओढला जातो. त्या जागी प्रथम सूक्ष्म पोकळ्या उत्पन्न होतात. त्या वाढतात, एकमेकींस मिळतात, आणि आतल्या आत एक भेग तयार होते. पुढून पाहणारास पत्रा धड दिसतो, पण त्याची पाठ सुटलेली असते.

टायटॅनियमच्या या मिश्रधातूत दोन निरनिराळ्या रचनेचे स्फटिक शेजारी शेजारी नांदत असतात. अशा पोकळ्यांचा जन्म बहुधा त्यांच्या सीमारेषांवर होतो. म्हणून तेच घटक, तेच प्रमाण असूनही, धातू कसा तापविला, कसा ठोकला व कसा थंड केला यावर त्याची सोशिकता बदलते. क्षणिक आघातात या मिश्रधातूस फाडण्यास दर चौरस सेंटिमीटरला सुमारे चाळीस ते पन्नास टनांची ओढ लागते. सावकाश ओढीच्या मानाने हा आकडा चौपट-पाचपट मोठा आहे. याचे कारण असे, की पोकळ्या उत्पन्न होण्यास व वाढण्यास काही काळ लागतो आणि आघात तो काळ देत नाही. घाईत धातू अधिक बळकट ठरतो. परंतु आघाताची ओढ या वाढलेल्या बळासही मागे टाकते, तेव्हा भंग अटळ होतो.

टायटॅनियमच्या स्वभावात आणखी एक वैगुण्य आहे. धातू वाकविला वा पिळला, की त्यात उष्णता उत्पन्न होते. तार वारंवार वाकवून तोडणाराच्या बोटांना ती जाणवते. १८७८ साली फ्रेंच अभियंता त्रेस्का यास प्लॅटिनमची कांब घणाखाली ठोकली जात असता तिच्या अंगावर उजळलेल्या तिरप्या रेषा दिसल्या. सारी उष्णता त्या रेषांतच गोळा झाली होती. १९४४ साली झेनर व हॉलोमन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी याची मीमांसा केली. काम सावकाश चालले असेल, तर उष्णता आजूबाजूस पसरून जाते. आघातात तिला पसरण्यास वेळ मिळत नाही. ज्या पट्ट्यात ती साचते तेथील धातू मऊ पडतो. मऊ पडला म्हणून तोच अधिक सरकतो, आणि सरकला म्हणून अधिक तापतो. टायटॅनियमच्या या मिश्रधातूची उष्णतावाहकता लोखंडाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतकीच आहे. त्यामुळे हे दुष्टचक्र त्यात फार लवकर सुरू होते. केसाहूनही अरुंद अशा पट्ट्यातून धातू कापला जातो. टायटॅनियमच्या पत्र्यावर गोळी आदळली असता कित्येकदा तिच्या समोरील भाग बुचासारखा बाहेर फेकला जातो, तो या पट्ट्यांमुळेच.

या अभ्यासात भारतीय शास्त्रज्ञांनी घातलेली भर मोलाची आहे. १९६३ साली अमेरिकेत जेमीसन यांनी दाखवून दिले, की मोठ्या दाबाखाली टायटॅनियमच्या स्फटिकांची रचनाच पालटते. या नव्या रूपास ओमेगा असे नाव आहे. ते मूळ धातूहून ठिसूळ असते आणि दाब निघून गेल्यावरही काही अंशी टिकून राहते. ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात एस. के. सिक्का, वाय. के. व्होरा व आर. चिदंबरम् यांनी या रूपांतराचा अनेक वर्षे अभ्यास केला. १९८२ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा विस्तृत निबंध या विषयाचा आधारग्रंथ मानला जातो. धातूत मिसळलेल्या प्राणवायूसारख्या द्रव्यांनी आणि ॲल्युमिनियमने हे रूपांतर लांबणीवर पडते. अर्थात् मिश्रण कोणते करावयाचे, या निवडीतच आघाताचा काही परिहार दडलेला असतो.

ट्रॉम्बेच्या याच केंद्रात आघाताच्या प्रयोगांसाठी तोफ आहे. तिची नळी ६३ मिलिमीटर व्यासाची असून ती दारूने न उडविता कोंडलेल्या वायूने उडवितात. नळीतून सुटलेली चकती पुढील धातूच्या चकतीवर सपाट आदळते. चकतीच्या पाठीमागील पृष्ठभाग किती वेगाने हलला, हे लेसर किरणांनी मोजतात. तो पृष्ठभाग प्रथम उसळतो, मग आतल्या धातूच्या ओढीने त्याचा वेग घटतो, आणि आत भेग पडली की तो पुन्हा उसळी घेतो. या चढउतारावरूनच धातू किती ओढीस फाटला याचा हिशेब करता येतो. भानपुऱ्याच्या भट्टीपाशी ज्या प्रश्नास उत्तर नव्हते, त्याचे उत्तर अशा रीतीने एका तोफेकडूनच मिळाले.

लेसरच्या उल्लेखाबरोबर ही कथा इंदूरकडे वळते. १९८४ च्या फेब्रुवारीत भारताच्या अणुऊर्जा विभागाने होळकरकालीन सुखनिवासाच्या परिसरात एका नव्या संशोधन केंद्राची पायाभरणी केली. लेसर आणि कणत्वरक यांचे जे कार्य ट्रॉम्बे येथे चालू होते, त्याचा विस्तार करणे हा त्याचा हेतू होता. डॉ. दिलीप देविदास भवाळकर हे १९८७ पासून २००३ पर्यंत या केंद्राचे संचालक होते. २००५ साली त्यास डॉ. राजा रामण्णा यांचे नाव देण्यात आले. या केंद्रात लेसरच्या साह्याने आघातच धातूच्या सेवेस लावण्याची विद्या अभ्यासिली जाते.

या विद्येचे मूळ अमेरिकेतील १९७० नंतरच्या दशकातील प्रयोगांत आहे. धातूवर काळा लेप देऊन त्यावरून पाण्याचा पातळ पडदा वाहता ठेवतात आणि लेसरचा अत्यंत अल्पकाळ टिकणारा, प्रखर झोत त्यावर सोडतात. लेपाची क्षणात वाफ होते. पाण्यामुळे ती बाहेर निसटू शकत नाही, म्हणून तिचा सारा जोर आत वळतो आणि आघाताचा तरंग धातूत शिरतो. त्याने वरचा थर किंचित दबला जातो व तसाच आवळलेला राहतो. आवळलेल्या थरात भेग उघडू शकत नाही. सुमारे १९९० च्या सुमारास अमेरिकेच्या बी-१ जातीच्या बाँबफेकी विमानांच्या एंजिनांतील टायटॅनियमच्या पात्यांना खड्यांचे घाव बसून भेगा पडू लागल्या होत्या. उड्डाणापूर्वी पात्यांच्या कडांवरून कापूस फिरवून बारीकसारीक खाचा शोधाव्या लागत. लेसरच्या आघाताने या कडा आवळून घेतल्यावर ती पाती टिकू लागली. मात्र पातळ पात्यावर एकाच बाजूने आघात केला, तर पाते वाकण्याचे आणि पाठीमागील पापुद्रा सुटण्याचे भय असते. म्हणून दोन्ही बाजूंनी एकाच वेळी झोत सोडतात. हॉपकिन्सन पिता-पुत्रांनी शोधलेला नियम येथे कारागिराच्या हातचा झाला.

इंदूरच्या केंद्रात तेथेच बनविलेल्या लेसरने असे प्रयोग झाले. त्यांसाठी निवडलेला धातू होता मोटारींच्या स्प्रिंगांचे पोलाद. भारतातील रस्त्यांवर खड्ड्यांचे धक्के खात धावणाऱ्या वाहनांचा सारा भार या स्प्रिंगाच पेलीत असतात. लेसरच्या आघाताने या पोलादाचे आयुष्य वाढते, असे प्रयोगांती दिसून आले. आधीच काही अंशी थकलेल्या पोलादावर हा उपचार केला असताही त्याचे उरलेले आयुष्य वाढविता येते, असा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला. टायटॅनियमच्या पात्यास जे लागू पडते तेच पोलादाच्या स्प्रिंगेसही लागू पडते, कारण तरंगाचा नियम एकच आहे.

यशवंतरावांची छत्री भानपुऱ्यास अद्याप उभी आहे. राज्याचे बळ अखेर धातूत साठविलेले असते, ही गोष्ट त्यांनी ओळखली होती आणि त्या ओळखीपायी त्यांनी आपला देह झिजविला. धातूच्या पोटात आघाताचे काय होते, हे जाणण्याचे साधन मात्र त्या काळी माळव्यात नव्हते, तसे ते लंडन वा पॅरिस येथेही नव्हते. इंग्रजांचे तोफ ओतणारेही नव्या तोफेची परीक्षा जास्त दारू भरूनच करीत. हे ज्ञान पुढे वजनाच्या घावाने तुटलेल्या एका तारेपासून सुरू झाले. ज्या शहराची राजधानी म्हणून प्रतिष्ठा तोफखाना गमावल्याच्या पुढच्या वर्षी झाली, त्याच शहरात आज मोजून मारलेला घाव धातूचे आयुष्य वाढवीत आहे.